मानमोडी

वणी तालुक्यातले राजूर म्हटले की कोळसा आणि चुन्याच्या भट्ट्या आठवतात. तिथे पाखरू काय पाहायचे, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. एका हिवाळ्यात तिथल्या बाभळीखाली उभा असता एक पोरगा ओरडला, "सर, झाडाची साल हालली!" आणि लगेच त्याच्या गलोलीतून खडा सुटला.

खडा निसटता लागून एक पाखरू खाली आले. मी ते उचलले, तो काय! डोक्यावरची पिसे उभी राहिली, मान लांब होऊन सापासारखी वळू लागली, चोचीतून फुसकारा निघाला. पोरे मागे सरली. "फेका थे, सर! साप हाये!"

साप कुठला! ही तर मानमोडी. या सोंगाखेरीज तिच्याजवळ दुसरे हत्यार नाही.

ती ओळखायची कशी? चिमणीहून किंचित मोठी. रंग राखी-तपकिरी, जुन्या सालीसारखा नक्षीदार. डोळ्यावरून एक गडद पट्टा, दुसरा डोक्यापासून पाठीवर उतरलेला. मग पाय पाहा: दोन बोटे पुढे, दोन मागे. म्हणजे कूळ सुताराचे! पण सुतारपक्ष्यासारखे ताठ शेपूट नाही, आणि लाकूड कोरण्याची ताकदही नाही. घरटे आयत्या ढोलीत करते, तेही आपल्याकडे नव्हे. काश्मीरकडे आणि त्याही पलीकडे उत्तरेत. आपल्याकडे ती हिवाळ्याची पाहुणी.

तिचे पोट भरते मुंग्यांवर. धुऱ्यावर, पायवाटेवर उतरून लांब चिकट जिभेने ती मुंग्या आणि त्यांचे पांढरे कोष टिपते. जमिनीवर दिसली तर चंडोल समजून आपण पुढे जातो. फांदीवर स्थिर बसली तर दिसतच नाही.

प्राचीन ग्रीसमध्ये वशीकरणासाठी हा पक्षी चाकाला बांधीत. इंग्रजीत अपशकुनाला 'जिंक्स' म्हणतात, तो शब्दही याच्याच ग्रीक नावावरून आला असे सांगतात. पाहा, भीती आपली आणि बदनामी पाखराची!

शिक्षकबंधूंनो, मुलांना नाव नंतर सांगा. आधी विचारा, पाय कसे? शेपूट कसे? खाते काय? जो असा पाहायला शिकला, त्याचा हात गलोलीकडे सहसा जात नाही. आणि शेतकरी दादा, धुरा पेटवण्याआधी थोडे थांबा. तिथल्या मुंग्यांवर एका दूरच्या पाहुणीचे जेवण आहे.

राजूरच्या त्या मानमोडीला आम्ही सावलीत ठेवले. घटकाभराने ती उडाली आणि बाभळीवर जाऊन बसली. गलोलवाला पोरगा बराच वेळ वर पाहत होता. मग हळूच म्हणाला, "सर, आता साल हालू नये."