चाबूक कुणाच्या हातात?

(अकोल्यातल्या तरुणांपुढे केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत खोकी उचलतो, रात्री कविता लिहितो. माझा जोडीदार अंगठेबहाद्दर. पण खोक्यावर पेला छापलेला दिसला की हळू ठेवतो, छत्री दिसली की पाण्यापासून जपतो. अक्षर न येणाऱ्यालाही चित्र कळतं. म्हणून चित्राला राजे भितात.

पॅरिसात ओनोरे दोमिये होता, काचा बसवणाऱ्याचा पोरगा. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाई तेलालाच धरते. एका दगडातून ढीगभर कागद. १८३१ साली त्यानं राजा लुई-फिलीप काढला : आ वासून बसलेला, गरिबांचा पैसा फळीवरून थेट त्याच्या घशात. १८३२ साली दोमिये तुरुंगात. १८३४ साली सैनिकांनी एका घरात घुसून माणसं मारली. त्यानं बापाचं प्रेत आणि त्याखाली चिरडलेलं लेकरू काढलं. सरकारनं दगडच जप्त केला. १८३५ साली कायदा आला : चित्र छापायचं तर आधी परवानगी.

आता आपलं बघा. १९४९ साली शंकर यांनी घटनेची गोगलगाय काढली. वर बाबासाहेब, हातात चाबूक. मागं नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. २०१२ साली अकरावीच्या पुस्तकातल्या या चित्रावरून संसद पेटली. मी तेव्हा शाळेत होतो. शहाणे म्हणाले, नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे, तुम्हाले विनोद समजत नाही. अरे बाप्पा, ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला चाबूकच आधी दिसणार!

आणि उशीर कुणाचा? ७,६३५ दुरुस्त्या आल्या, २,४७३ मांडल्या गेल्या. मसुदा समितीत सात जण. कृष्णम्माचारींनी १९४८ साली घटना समितीतच सांगितलं : एकानं राजीनामा दिला, एक वारला, एक अमेरिकेत. ओझं बाबासाहेबांच्या एकट्याच्या खांद्यावर. एकट्यानं ओझं वाहणाऱ्याला मुकादमच आळशी म्हणतो.

तरी एक कडू बोलतो. पुण्यात तेव्हा त्या पुस्तकाच्या सल्लागाराचं कार्यालय फोडलं गेलं. मला ते पटलं नाही. दगड जप्त करणं हे राजाचं काम, आपलं नव्हे. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ ची बाबासाहेबांवरची शंभरावर व्यंगचित्रं शोधली, प्रत्येकाला जाब विचारला आणि २०१९ साली पुस्तक काढलं. याला म्हणतात उत्तर.

१९२७ साली अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली : अंबादेवीचं दार उघडा! दाराबाहेर आपली माणसं, आत कडी धरून बसलेले हात. पोरांनो, हे चित्र तुम्ही काढा. खडू आता आपल्या हातात आहे.