थिऑलॉजी की धर्माचं तत्त्वज्ञान?

पदवीनंतर धर्माचा अभ्यास करायचाय? मग आधी एवढं ठरवा: श्रद्धेच्या आत राहून शिकायचं, की श्रद्धेलाच प्रश्न विचारायचे? पहिली वाट थिऑलॉजीची. उदाहरणार्थ, पुण्यातलं जेझुइट या कॅथलिक संघाचं ज्ञानदीप हे शिक्षणकेंद्र १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झालं आणि १९५५ मध्ये पुण्यात आलं. दुसरी वाट धर्माच्या तत्त्वज्ञानाची; ती विद्यापीठांच्या तत्त्वज्ञान विभागांतून जाते.

पदवी कोण देतं, हे मात्र नक्की विचारा. थिऑलॉजीच्या काही पदव्यांना चर्चची मान्यता असते. पण सर्वसाधारण महाविद्यालयात शिकवायचं, तर यूजीसीच्या नियमात बसणारी पदवी लागते. ग्रंथ मूळ हिब्रू, ग्रीक, संस्कृत, पालीतून वाचून घेतात का, हेही बघा. माझ्या मते हीच खरी कसोटी. अर्ज भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांशी जरूर बोला.