काटकसर अंगात मुरलेली



इंटरनेटचा जुना पत्ता रेडिओवरून सांगणं सोपं आहे. १९२ डॉट १६८ डॉट १ डॉट १. बऱ्याच घरांतल्या राउटरचा हाच असतो आणि नेटवर्कची कामं करणाऱ्यांना असे शेकडो तोंडपाठ असतात. नवा पत्ता म्हणजे चार-चारचे आठ गट, त्यात आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं, मधे कोलन. तो वाचायला घेतला तर माझा अर्धा वेळ त्यातच जायचा.

तरी लांबी ही खरी अडचण नव्हेच. पत्ता आखूडही करता येतो. गटाच्या सुरुवातीची शून्यं गाळायची. नुसत्या शून्यांचे गट सलग आले तर त्यांच्या जागी दोन कोलन द्यायचे. मात्र एकदाच. दोन ठिकाणी दिले तर कुठे किती शून्यं होती ते कळणार कसं? संगणक स्वतःला हाक मारताना जुन्या पद्धतीत १२७ डॉट ० डॉट ० डॉट १ म्हणतो, नव्या पद्धतीत नुसतं कोलन कोलन एक. आठवडाभरात डोळ्यांना सवय होते.

सुटत नाही ती काटकसर. जुनी पद्धत, आयपी व्ही-फोर, १९८१ च्या आराखड्यातली. पत्ता ३२ बिटांचा, सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. नेटवर्कवाल्यांची आमची पिढी या टंचाईत शिकली. दोन राउटर जोडायचे? चार पत्त्यांचा तुकडा तोडा, त्यातले दोनच कामाचे. अख्खं ऑफिस एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवा. दुष्काळी गावात वाढलेला माणूस धरणाकाठी राहायला गेला तरी अर्ध्या बादलीतच आंघोळ उरकतो, तसं आमचं झालंय.

नव्या पद्धतीत, म्हणजे आयपी व्ही-सिक्समध्ये, पत्ता १२८ बिटांचा. एका साध्या जाळ्याला त्यातले ६४ बिट मोकळे मिळतात, म्हणजे ४२९ कोटी गुणिले ४२९ कोटी पत्ते. ऑफिसात यंत्रं वीस असली तरी तेवढेच द्यायचे. जुना जाणकार इथे हटकून अडतो. ‘एवढे वाया कशाला?’ म्हणून तुकडा लहान करतो, आणि स्वतःचा पत्ता स्वतः बनवणारे फोन त्या जाळ्यावर अडून बसतात. आता यंत्रं मोजायची नाहीत, जाळी मोजायची.

दुसरी खोड फायरवॉलवरची. सुरक्षेसाठी पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी यंत्राला मारलेली हाक, आणि त्या जातीचे सगळे संदेश सरसकट बंद करणं ही जुनी शिस्त. नव्या पद्धतीत शेजारचं यंत्र शोधणंही त्याच संदेशांवर चालतं. ‘हे पाकीट वाटेत मावत नाही, लहान करून पाठव’ हा निरोपही तसाच येतो. तो एकटा अडवला तरी गंमत होते: पिंग जातं, छोटी पानं उघडतात, मोठी फाईल मात्र अर्ध्यात लटकते. दोष कुणाला द्यावा कळत नाही आणि शेवटी व्ही-सिक्सच बंद करून मंडळी मोकळी होतात.

आपल्याकडे मोबाइल कंपन्या या बाबतीत पुढे निघाल्या. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओनं सुरुवातीपासूनच व्ही-सिक्स वापरलं. फोनच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहा. कोलनवाला लांबलचक पत्ता दिसला तर तुम्ही बहुधा कधीच पलीकडे पोचलात.

मागे राहिली ती ऑफिसं. ‘आमच्याकडे व्ही-सिक्स नाही’ असं तिथे ठामपणे सांगतात. पण विंडोजमध्ये ते व्हिस्टापासून आपोआप चालू असतं आणि एका खोलीतली यंत्रं त्यावरून आपसात बोलूही शकतात. फायरवॉलचे नियम मात्र फक्त जुन्या पत्त्यांचे लिहिलेले. तेव्हा आपल्या सिस्टिमवाल्यांना उद्या एवढंच विचारा: व्ही-सिक्सचे नियम कुठे लिहिलेत?