माहितीचे कोठार आणि त्याची राखण

धान्य पेवात भरून त्याचे तोंड लिंपले की पूर्वी घरधनी निश्चिंत होत असे. माहितीच्या कोठाराचे तसे नाही. ज्याला आपण डेटा सेंटर म्हणतो, ते भरल्यावर काळजी संपत नाही. खरी राखण तेथून सुरू होते.

ही राखण कोणासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. आधारची डेटा सेंटरे बंगळूरला आणि हरियाणातील मानेसरला आहेत. दूरच्या खेड्यातील एखादी वृद्धा रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट टेकविते, तेव्हा तिची ओळख पटविण्याचे काम अशा ठिकाणचे संगणक करीत असतात. ते मुके झाले तर तिची पिशवी रिकामी राहण्याचा प्रसंग येतो. म्हणून अशा केंद्राची योजना हा केवळ तंत्रज्ञांच्या आवडीचा विषय नव्हे.

योजनेचा आरंभ जागेपासून होतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तेथील हवा सौम्य असून भूकंपाचा धोकाही तुलनेने कमी आहे. परंतु कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून उपसून आणावे लागते, आणि 2024 च्या उन्हाळ्यात त्या शहराने पाण्याची तीव्र टंचाई सोसली.

संगणकांचा आणि पाण्याचा संबंध काय? संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. ती पाण्याच्या बाष्पीभवनाने घालवावयाची, तर एक लिटर पाणी सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जाते. एक मेगावॅट वीज खाणाऱ्या केंद्राची सारी उष्णता या मार्गाने काढल्यास दिवसाला सुमारे 36 हजार लिटर पाणी, म्हणजे 12 हजार लिटरचे तीन टँकर लागतील. ज्या गल्लीत माणसे टँकरची वाट पाहत उभी आहेत, तिच्या शेजारी हा खर्च न्याय्य ठरेल काय? म्हणून शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे, अथवा पाण्याविना चालणारी शीतयंत्रे घेऊन विजेचा थोडा अधिक खर्च सोसावा. आणि ते इमारतीचा नकाशा काढतानाच ठरवावे. कपाटांच्या रांगा अशा मांडाव्यात की पुढून येणारी थंड हवा आणि मागून निघणारी गरम हवा एकत्र मिसळणार नाही. आत जाणारी हवा 27 अंशांपर्यंत उबदार असली तरी सर्वसाधारण संगणकांना चालते; तेथे हिमालय निर्माण करण्याचे कारण नाही.

विजेचेही असेच आहे. पुरवठा तुटताच बॅटऱ्या काही मिनिटे भार पेलतात आणि तेवढ्यात डिझेल जनित्राने तो उचलावयाचा असतो. कागदावर ही साखळी निर्दोष दिसते. पण बॅटरी जुनी झाली, डिझेलमध्ये पाणी शिरले, एखादी कळ अडकली, की दिवा जातो. तेव्हा ठरल्या दिवशी, माणसे सज्ज ठेवून, मुख्य पुरवठा मुद्दाम तोडून पाहावा. रात्रपाळीच्या माणसाने प्रथम काय करावयाचे आणि कोणास उठवावयाचे, हेही लिहून ठेवलेले असावे.

दक्षिण कोरियातील देजॉन येथे 26 सप्टेंबर 2025 रोजी सरकारी केंद्रात बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता आग लागली. 709 सरकारी संगणकव्यवस्था बंद पडल्या. कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचे एक भांडार, सुमारे 858 टेराबाइटचे, जळून गेले आणि त्याची दुसरी प्रत कोठेच नव्हती. इतक्या प्रगत देशात हे घडले! बॅटऱ्या संगणकांपासून वेगळ्या, आगीला अडविणाऱ्या भिंतीआड ठेवाव्यात आणि दुसरी प्रत दूरच्या गावी असावी, हे दोन धडे त्यातून मिळतात.

तिसरा धडा मात्र सहज विसरला जातो. प्रत असणे वेगळे आणि ती वेळेवर उघडून वाचता येणे वेगळे. म्हणून वर्षातून काही वेळा मूळ केंद्र नाहीच असे मानून, दूरच्या प्रतीवरून सारा कारभार उभा करून पाहावा. त्यात त्रास आहे, खर्च आहे, आणि सारे सुरळीत पार पडले तर कोणी शाबासकीही देत नाही. तरीही तहान लागण्यापूर्वी विहीर खणणे म्हणतात ते हेच. आणि खणलेल्या विहिरीला पाणी आहे की नाही, हे अधूनमधून पोहरा टाकून पाहिलेच पाहिजे.