वाडीपासून समुद्र किती लांब?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा अनेकांना वाटलं, ही कॉम्प्युटरवर बोलणार. ते मी ऑफिसात रोज बोलते. आज मला शाळेतलं एक उत्तर पूर्ण करायचं आहे.

आठवीत भूगोलाच्या तासाला प्रश्न होता : नागपूरचं हवामान विषम का? उत्तर सगळ्यांना पाठ : समुद्रापासून लांब म्हणून. मी विचारलं, "सर, पहिल्यापासूनच लांब होतं का?" अख्खा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "शोध. पुरावा मिळाला की सांग." सर, तीस वर्षं लागली. आज सांगते.

वाडीत ज्यांच्या घरी विहीर खणली, त्यांना तो काळा दगड चांगलाच ठाऊक आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा तो लाव्हा. पण लाव्हा एका दमात आला नाही. एक थर आला, मग मोठी विश्रांती, मग दुसरा. मधल्या काळात तळी साचली, झाडं वाढली आणि पुढच्या लाव्ह्याखाली गाडली गेली. आपल्या भागातले हे मधले थर अभ्यासले ते स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी. होय, हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच. १८५५ साली त्यांनी नागपूरच्या भूगर्भावर लंडनला निबंध छापला. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले.

आपल्या टाकळीच्या थरांत गोगलगाईंचे शिंपले सापडतात. ते वाचून मी हरखले, पण पुढची ओळ वाचली आणि हिरमुसले. त्या गोगलगाई गोड्या पाण्यातल्या. म्हणजे टाकळीला तळं होतं, समुद्र नव्हता.

मग शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्याकडे वळले. तिथल्या मोहगाव कलांच्या थरांत निपा नावाच्या ताडाची फळं दगड होऊन सापडली आहेत. हा ताड आज सुंदरबनात आणि अंदमानात, खारं आणि गोडं पाणी मिसळतं तिथल्या चिखलात वाढतो. म्हणून बिरबल साहनींसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिथे खाडी असावी असा विचार मांडला. पुढे त्याच जिल्ह्यातल्या झिलमिलीला, समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचं मिळाली. ते संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. समुद्राचा हात नेमका कोणत्या वाटेने आत आला, नर्मदेच्या बाजूने की गोदावरीच्या, यावर अजून वाद आहे. पण खारं पाणी आपल्या शेजारापर्यंत पोचलं होतं.

त्या काळी जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच वर होती. पाणी आत आलं की दमटपणा येतो, उन्हाळ्या-हिवाळ्यातलं अंतर कमी होतं आणि खाडीची झाडं आत सरकतात. पाणी हटलं की उलट. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, बरंच पाणी बर्फात अडकलं आणि समुद्र जवळजवळ १२० मीटर खाली गेला. कोकणचा किनारा खूप पश्चिमेला सरकला, मान्सून क्षीण झाला. म्हणजे जंगल कुठे आणि माळ कुठे, हे ठरवण्यात समुद्राचाही वाटा असतो, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो.

माझ्या धंद्यात एक सवय लागते. प्रोग्राम बिघडला की आधी जुन्या नोंदी उघडायच्या. पृथ्वीच्या नोंदी या थरांत आहेत. आज समुद्र पुन्हा वर येतो आहे, या वेळी आपल्या धुराने, आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला याच नोंदी लागतात. आपण मात्र त्यांच्यावर लेआउट टाकतो. मीही त्यातलीच, माझ्या घराच्या पायव्यातून निघालेला दगड मी न पाहता ट्रॉलीत भरून पाठवला. त्यात काय होतं, ते आता कधीच कळणार नाही.

म्हणून एकच विनंती. यापुढे कुणाच्या प्लॉटवर खणती निघाली, की काळ्या दगडात मधे पांढुरका, मातकट पट्टा दिसतो का, तेवढं बघा. दिसला तर फोटो काढा, तुकडा जपून ठेवा आणि विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात दाखवा. आणि एखादं पोर खुळा प्रश्न विचारत असेल, तर हसू नका.

सर, "समुद्रापासून लांब" हे उत्तर बरोबरच होतं. पण फक्त आजच्यापुरतं. आता तरी पूर्ण मार्क द्याल ना?