यंत्रांचे माहेर

या खुर्चीवरून उद्योगाच्या भरभराटीचे आकडे वाचून दाखवायची प्रथा आहे. ती आज मी मोडतो. माझा विषय मशीन टूल हा आहे. म्हणजे लेथ, मिलिंग, ग्राइंडर अशी, यंत्रे घडवणारी यंत्रे. मोटारीचा क्रँकशाफ्ट असो की पंपाचा शाफ्ट, घडतो तो यांच्याच हातून. आणि लेथचा स्पिंडलही दुसऱ्या कुठल्यातरी लेथवर कातला गेलेला असतो. साऱ्या यंत्रांचे माहेर हेच. आपल्या देशातले हे माहेर आधी नांदते झाले आणि मग खचत गेले. मात्र ते का खचले याचे कारण आपण चुकीच्या जागी शोधतो, असे माझे म्हणणे आहे.

सहसा बोट दाखवले जाते ते १९९१ कडे. आयातशुल्क उतरले, परदेशातली नवी यंत्रे आली, त्यांच्यामागून वापरून टाकलेलीही आली, आणि आपले कारखाने कोलमडले. घडले ते असेच. पण भिंत आधीच पोखरलेली होती. सुरुवात तर दमदार होती. किर्लोस्करांनी १९४१ मध्येच हरिहरला लेथचा कारखाना काढला. १९५३ मध्ये ओर्लिकोन या स्विस कंपनीचे तंत्र घेऊन बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) उभी राहिली. पुढे पिंजोर, कळमशेरी, हैदराबाद इथे तिचे कारखाने झाले. १९६२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने संशोधनासाठी केंद्रीय संस्थाही निघाली. मग देशाला जे जे हवे ते ते एचएमटी या एकाच कंपनीने अंगावर घेतले: घड्याळे, ट्रॅक्टर, दिवे, बेअरिंग, छपाईयंत्रे. लग्नात जावयाच्या मनगटावर एचएमटीचे घड्याळ चढले, नाव घरोघर पोचले आणि त्यातला ‘एम’ न् ‘टी’ कशाचा हेच लोक विसरले. २०१६ च्या सुमारास घड्याळांचा कारखाना बंद झाला तेव्हा हळहळ झाली ती घड्याळांसाठी. हरिहरचा लेथ कारखाना त्याआधीच बंद पडला होता. त्याची हळहळ कामगारांच्या घरांपलीकडे फारशी पोचली नाही.

खरी खोट याहून खोल होती. बाजार बंदिस्त होता. गिऱ्हाईक महिनोन्महिने यंत्राची वाट पाही आणि जे येईल ते निमूट बसवून घेई. ज्याच्या गिऱ्हाइकाला तक्रारीची सोय नाही, तो कारागीर शिकणार कशावरून? नवे मॉडेल हवे झाले की परदेशी कंपनीशी नवा करार व्हायचा आणि ड्रॉइंगचे गठ्ठे यायचे. पण ड्रॉइंगमध्ये माप असते, मापामागचे कारण नसते. बेडच्या ओतकामाच्या पोटात ही आडवी फासळी इथेच का, ओतलेला बेड ताण निवेपर्यंत मुरत का ठेवायचा, गाईडवेवर निळा रंग लावून स्क्रेपरने एकेक उंचवटा खरवडताना हात कुठे थांबवायचा, हे कागदावर उतरत नाही. ते ज्याने केले आणि ज्याचे चुकले त्यालाच ठाऊक असते. इकडे आपण ड्रॉइंगच्या प्रती काढत होतो, तेव्हा तिकडे यंत्राचे स्वरूपच पालटत होते. १९५२ मध्ये एमआयटीत अंकांच्या हुकमावर चालणारे मिलिंग मशीन दाखवले गेले. १९७२ मध्ये फुजित्सूमधून फॅनुक वेगळी झाली आणि टर्नरच्या मनगटातले बरेचसे कसब तिने कंट्रोलरच्या पेटीत घातले. जपानी कारखानदारांच्या दारात मोटारवाले रोज कटकट करत उभे होते. आपल्या दारात कोणीच नव्हते. हा केवळ समाजवादी धोरणाचा दोष, असेही म्हणता येत नाही. कॉव्हेंट्रीची आल्फ्रेड हर्बर्ट एकेकाळी या धंद्यात जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत मोजली जाई. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तीही बुडाली.

कोणी म्हणेल, ऱ्हास कुठला? राजकोट आणि बंगळूर इथे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रे हजारांनी तयार होतात. होतात, आणि त्या कारखानदारांच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण यंत्राचे कपाट उघडून पाहा. कंट्रोलर बहुधा जपानी किंवा जर्मन; बॉलस्क्रू आणि लिनिअर गाईड पुष्कळदा जपान, तैवान, जर्मनीहून आलेले. धड आपले, मेंदू न् कणा पाहुण्यांचा. शिवाय देशात खपणाऱ्या यंत्रांपैकी सुमारे निम्मी आजही बाहेरूनच येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चांगले यंत्र स्वस्तात मिळत असेल तर घ्यावे, पिंपरी-चाकणचा मोटारउद्योग आयात यंत्रांवरच तर वाढला. हे मी निम्मे मान्य करतो. अडेल देशी यंत्रे त्याच्या गळ्यात मारली असती तर तो वाढलाच नसता. पण अव्वल यंत्र ही बाजारातली भाजी नव्हे. तोशिबा मशीन या जपानी कंपनीने पाणबुड्यांचे प्रोपेलर कातणारी यंत्रे सोव्हिएत संघाला विकल्याचे १९८७ मध्ये उघड झाले, तेव्हा अमेरिकेत केवढा गहजब उडाला! विकणाऱ्याचे सरकार नको म्हणाले की पैसे असूनही हात हलवत परतावे लागते, आणि नेमके तेच यंत्र हवे असते.

मग शुल्क चढवा, अशी सूचना लगेच येते. मला ती मान्य नाही. चढ्या शुल्काने तेच जुने मुके गिऱ्हाईक परत येईल. हवे आहे ते बोलके गिऱ्हाईक, आणि ते या सभागृहात बसलेले आहे. आपल्या मोठ्या कारखान्यांच्या टेंडरमध्ये एक अट हमखास असते: असे यंत्र यापूर्वी किती जणांना दिले? पहिले यंत्र करणाऱ्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? ही अट निदान एका लाइनपुरती काढा. तिथे देशी कंट्रोलर आणि देशी स्पिंडल बसवा, बंद पडण्याचा हिशेब धरूनच उत्पादनाचे वेळापत्रक आखा आणि बिघाडाची वही बनवणाऱ्यापुढे उघडी ठेवा. दुपारच्या पाळीत स्पिंडल तापला तर फोन खरेदी खात्यातून पंधरा दिवसांनी जाता कामा नये. मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरने त्याच संध्याकाळी तो करावा.