बाळाच्या आधी आईला लस

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. आज बोलायचंय गरोदरपणातल्या लसींबद्दल. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ श्रावणात झालं. पुढे गणपतीत घर मुंबईच्या चाकरमान्यांनी भरलं. कोणी खोकत होतं, कोणी शिंकत होतं, आणि बाळाला तर सगळ्यांनाच घ्यायचं होतं. पाचव्या आठवड्यात बाळ खोकायला लागलं. खोकता खोकता निळं पडायचं, मध्येच श्वास थांबायचा. डांग्या खोकला निघाला. अकरा दिवस दवाखान्यात काढले. देवाची कृपा, आज ते शाळेत जातंय.

बहिणीची धनुर्वाताची इंजेक्शनं मीच दिली होती. मला वाटलं, झालं काम! पण सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला मिळते ती टीडी लस. ती धनुर्वात आणि घटसर्प यांच्यावर आहे, डांग्या खोकल्यावर नाही. त्यासाठी टीडॅप लागते. भारतातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना ती २७ ते ३६ आठवड्यांत घ्यायला सांगते. खाजगीत विकत मिळते, म्हणून तारीख जवळ यायच्या आधीच डॉक्टरांशी बोला.

आता तुम्ही म्हणाल, बाळालाच लस देऊ की! तर बाळाची डांग्या खोकल्याची पहिली लस दीड महिन्याला असते. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आत देताच येत नाही. मग तोवर काय? आईला लस दिली की तिच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि नाळेतून बाळाकडे जातात. त्याला दोनेक आठवडे लागतात, म्हणून अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत थांबू नये.

फ्लूच्या बाबतीत आपलं राज्य पुढे आहे. २०१५ मध्ये स्वाइन फ्लूची मोठी साथ आली. तेव्हापासून महाराष्ट्रात गरोदर बायकांना दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत ही लस सरकारी केंद्रात मोफत देण्याची सोय केली गेली. ती ऐच्छिक आहे, त्यामुळे विचारावं लागतं. साठा आहे का, ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. इंजेक्शनची ही लस निष्क्रिय केलेल्या विषाणूची असते, तिच्यामुळे फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखाद दिवस कणकण येईल, एवढंच.

आणखी एक विषाणू आहे, आरएसव्ही. तान्ह्या बाळांची छाती भरते, त्यामागे पुष्कळदा हाच असतो. मेळघाटातल्या गावांमध्ये यावर अभ्यास झालाय. त्यासाठीही गरोदरपणात घ्यायची लस आता निघाली आहे, आणि २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. तुमच्यासाठी ती मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा.

परवा एका सासूबाईंनी विचारलं, "अहो बाई, आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं?" मी म्हटलं, "काकी, तुमच्या वेळी पाळण्यातली किती बाळं गेली, तेही आठवा." त्या जरा गप्प झाल्या. मग सुनेला म्हणाल्या, "चल, कार्ड काढ."

तर मंडळी, घरात कोणी गरोदर असेल तर हा भाग तिच्या सासूलाही ऐकवा. आणि खोकणाऱ्या पाहुण्याला बाळ घेऊ देऊ नका, राग आला तरी चालेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!